कार्ड नंबर तपासणारा कोड नीट कसा लिहावा

नवरात्र संपून दिवाळी लागेपर्यंत आमच्या बडोद्यातल्या फरसाणवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. लीलो चिवडो, भाकरवडी, सुकी कचोरी यांची पार्सलं न्यू जर्सी आणि टोरांटोपर्यंत जातात. पैसे भरणारा मुलगा तिकडचं कार्ड वापरतो, आणि रावपुऱ्यातले पेन्शनर आजोबा त्याच वेबसाइटवर आपलं रुपे कार्ड हातात घेऊन बसलेले असतात. मी दांडिया बाजारात बसून अशा दुकानांच्या वेबसाइट बनवते. या दोघांचंही कार्ड एकाच चौकटीत बसलं पाहिजे, एवढी साधी माझी अट असते.

ही अट बऱ्याच ठिकाणी पाळली जात नाही. कार्ड नंबरच्या चौकटीमागचा कोड लोक कुठून तरी उचलतात आणि चिकटवतात. तो स्वतःच्या कार्डावर चालला की काम झालं असं धरतात. मग आजोबांचं कार्ड ‘अवैध’ ठरतं, किंवा मुलाचं अमेक्स (अमेरिकन एक्सप्रेस) कार्ड एक आकडा कमी म्हणून अडतं. दुकानदाराला याचा पत्ताही लागत नाही, कारण न झालेली ऑर्डर कुठल्याच वहीत दिसत नाही. माझ्याकडे नवीन येणाऱ्या मुलामुलींना मी हे काम कसं शिकवते ते इथे लिहिते. जावास्क्रिप्ट, पायथन, पीएचपी, जे हाताशी असेल त्यात हे लिहिता येईल.

आधी ठरवा, नंबर आपल्याकडे यायला हवा का

लहान दुकानासाठी माझं उत्तर ठाम आहे: नको. पेमेंट गेटवे, म्हणजे दुकानासाठी कार्डाचे पैसे घेणारी सेवा, स्वतःची चौकट देतो. ती तुमच्या पानात बसते, पण त्यात लिहिलेला नंबर तुमच्या सर्व्हरला कधी दिसतच नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क सोडून इतर कुणालाही गिऱ्हाइकाच्या कार्डाचा तपशील साठवता येत नाही. दुकानाला फार तर शेवटचे ४ आकडे आणि बँकेचं नाव ठेवता येतं, तेही हिशेब जुळवण्यापुरतं. ‘पुढच्या वेळेसाठी कार्ड लक्षात ठेवा’ हे करायचं असेल तर गिऱ्हाइकाच्या संमतीने टोकन, म्हणजे कार्ड नंबराच्या जागी वापरायचा बदली क्रमांक, घ्यायचं. तेव्हा डेटाबेसमध्ये कार्ड नंबर नावाचा कॉलम दिसला तर आधी तो काढा, बाकीचं नंतर वाचा.

कार्ड उद्योगाची सुरक्षा नियमावली आहे, पीसीआय डीएसएस. तिचा हिशेबही असाच चालतो. नंबर गेटवेच्या चौकटीत गेला तर तुम्हाला भरावी लागणारी प्रश्नावली छोटी असते. नंबर तुमच्या सर्व्हरवरून गेला की सर्वांत मोठी प्रश्नावली गळ्यात पडते, आणि तिच्यातली प्रत्येक गोष्ट खरोखर पाळावी लागते.

मग हा कोड शिकायचाच कशाला? एक कारण उघड आहे: कुणी तरी गेटवेची चौकटही लिहितंच, आणि उद्या ते काम तुमच्याकडे येईल. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लोक कार्ड नंबर नको तिथे लिहितात. ऑर्डरच्या पानावर ‘काही सूचना असल्यास’ अशी चौकट असते. तिथे ‘तिखट कमी’ लिहायचं असतं. घाईतला माणूस किंवा पहिल्यांदाच ऑनलाइन मागवणाऱ्या मावशी तिथे कार्ड नंबर, महिना-वर्ष, कधी कधी सीव्हीव्ही (कार्डावरचा ३-४ आकडी गुप्त क्रमांक) सुद्धा लिहून मोकळ्या होतात. तो मजकूर डेटाबेसमध्ये जातो, दुकानाच्या ईमेलवर जातो, पॅकिंग करणाऱ्या मुलाच्या हातातल्या चिठ्ठीवर छापला जातो. हे थांबवायला कार्ड नंबर ओळखता यावा लागतो. म्हणून गेटवेची चौकट वापरणाऱ्या दुकानातही मी हा तपासणीचा कोड ठेवते, आणि तो सूचनांच्या, पत्त्याच्या आणि तक्रारीच्या चौकटींना लावते.

लिहिलेलं आधी साफ करा

कार्ड नंबर ही संख्या नाही, आकड्यांची ओळ आहे. तिची बेरीज-वजाबाकी होत नाही, म्हणून ती सगळीकडे स्ट्रिंग म्हणूनच ठेवा. जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढच्या पूर्णांकांचा भरवसा नसतो. १६ आकडी व्हिसा नंबर त्याच्या आत बसतो म्हणून चाचणीत सगळं ठीक दिसतं, आणि १९ आकडी कार्ड आलं की शेवटचे आकडे गुपचूप बदलतात. एचटीएमएलमध्येही इनपुटचा प्रकार ‘नंबर’ ठेवू नका. माउसचं चाक चुकून फिरलं तरी त्यातला आकडा बदलू शकतो. प्रकार ‘टेक्स्ट’ ठेवा, इनपुटमोड ‘न्यूमरिक’ करा म्हणजे फोनवर आकड्यांचा कीबोर्ड उघडेल, आणि ऑटोकम्प्लीटला ‘सीसी-नंबर’ द्या म्हणजे ब्राउझरने जपून ठेवलेलं कार्ड आपोआप भरता येईल. ऑटोफिल बंद करणारी पानं मला मनापासून खटकतात. हाताने टंकताना चुका होतात, त्या वाचवायच्या सोडून आपण वाढवतो.

कमाल लांबी १६ ठेवणं हा तर फारच पसरलेला रोग आहे. कार्डावर नंबर ४-४-४-४ असा छापलेला असतो, माणूस तसाच जागा सोडून लिहितो किंवा पेस्ट करतो. १६ आकडे आणि ३ मोकळ्या जागा मिळून १९ अक्षरं होतात. चौकट १६ व्या अक्षरावर कापते, आणि आत उरतात १३ आकडे. जुन्या व्हिसा कार्डांची लांबी १३ असायची, त्यामुळे काही कोड हा तुटका नंबरही योग्य लांबीचा म्हणून पुढे सोडतात. कमाल लांबी किमान २३ ठेवा: १९ आकडे आणि ४ जागा.

साफ करताना काय काढायचं ते मोजून काढा. साधी मोकळी जागा, न तुटणारी मोकळी जागा, हायफन, लांब डॅश आणि व्हॉट्सॲपवरून कॉपी करताना चिकटून येणारी शून्य रुंदीची अक्षरं, एवढंच. ‘आकडा नसलेलं सगळं उडवा’ असा सोपा मार्ग घेऊ नका. कुणी शून्याच्या जागी इंग्रजी ओ लिहिला असेल तर तो उडाल्यावर नंबर एक आकड्याने लहान होतो, आणि संदेश येतो ‘आकडे कमी आहेत’. माणूस कार्डाकडे बघतो, मोजतो, १६ भरतात, आणि वैतागतो. अक्षर सापडलं तर तसंच सांगा: ‘यात एक अक्षर आलं आहे, तिथे शून्य हवं होतं का?’

आता आमच्या गावचा खास प्रश्न. बडोद्यात एकाच घरात आजी मराठी कीबोर्डवर लिहिते, सून गुजरातीवर आणि नातू इंग्रजीवर. कीबोर्ड मराठी किंवा गुजराती असला की आकडेही त्या लिपीत येऊ शकतात. जावास्क्रिप्टच्या रेगेक्समधला (मजकुरातला नमुना शोधणाऱ्या सूत्रातला) ‘कुठलाही आकडा’ फक्त इंग्रजी आकडे ओळखतो, म्हणून आजीचा नंबर तिथेच नाकारला जातो. पायथन ३ चा तोच रेगेक्स देवनागरी आणि गुजराती आकडेही आकडेच मानतो, त्यांचं पूर्णांकात रूपांतरही करतो. ऐकायला छान वाटतं, पण तपासणी पार झालेली स्ट्रिंग तशीच देवनागरीत पुढे गेटवेकडे जाते आणि तिकडून नकार येतो. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, बघावं तर नंबर अगदी बरोबर! संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो, युनिकोड; इंग्रजी शून्याचा ४८. म्हणून काही जण अक्षराच्या क्रमांकातून ४८ वजा करून आकडा काढतात. देवनागरी ४ चा युनिकोड क्रमांक २४१० आहे, त्यातून ४८ गेले की २३६२ उरतात, आणि बेरजेचा पार विचका होतो.

उपाय चार ओळींचा आहे. तपासणीच्या आधीच प्रत्येक अक्षर पाहा. कोड २४०६ ते २४१५ मध्ये असेल तर ते देवनागरी ० ते ९, त्यातून २४०६ वजा करा. २७९० ते २७९९ मध्ये असेल तर गुजराती, त्यातून २७९० वजा करा. मिळालेला आकडा इंग्रजी आकड्यात लिहून नवी स्ट्रिंग बनवा. इथून पुढे सगळीकडे हीच साफ केलेली स्ट्रिंग वापरायची. चौकटीत मात्र आजीने लिहिलेलं तसंच राहू द्या.

लूनची बेरीज

कार्ड नंबरचा शेवटचा आकडा हा तपासणी-आकडा असतो. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी ही पद्धत शोधली. १९५४ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९६० मध्ये पेटंट मिळालं. ती कागद-पेन्सिलने जमावी इतकी सोपी आहे, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ती आधी कागदावरच करायला लावते.

अमेक्सचा चाचणीसाठीचा सर्वांना ठाऊक असलेला नंबर घ्या: ३७८२ ८२२४६३ १०००५. एकूण १५ आकडे. उजवीकडून, म्हणजे शेवटून सुरुवात करा. शेवटचा ५ तसाच ठेवायचा, त्याच्या डावीकडचा दुप्पट करायचा, पुढचा तसाच, पुढचा दुप्पट, असं पहिल्या आकड्यापर्यंत. दुप्पट करून ९ च्या वर गेलं तर त्यातून ९ वजा करायचे. तसेच ठेवलेले आकडे उजवीकडून ५, ०, १, ६, २, ८, ८, ३ असे आहेत, बेरीज ३३. दुप्पट करायचे आकडे ०, ०, ३, ४, २, २, ७. त्यांचे झाले ०, ०, ६, ८, ४, ४ आणि १४ मधून ९ गेल्यावर ५. बेरीज २७. दोन्ही मिळून ६०. दहाने नि:शेष भाग जातो, नंबर जुळला.

कोडच्या रूपात हेच असं:

बेरीज = ०
दुप्पट = नाही
शेवटच्या आकड्यापासून पहिल्यापर्यंत, एकेक आकडा घेऊन:
  क = आकडा
  दुप्पट ‘हो’ असेल तर क = क × २
  क ९ पेक्षा मोठा असेल तर क = क − ९
  बेरीज = बेरीज + क
  दुप्पट = उलट करा
बेरजेला १० ने भागून बाकी ० असेल तर जुळलं

‘शेवटच्या आकड्यापासून’ हे शब्द डोक्यात पक्के ठेवा. चिकटवलेले पुष्कळ कोड डावीकडून चालतात आणि पहिला आकडा दुप्पट करतात. १६ आकडी नंबरावर दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी पोचतात. १५ आकड्यांवर पोचत नाहीत. वरच्याच नंबरावर डावीकडून पहिला आकडा दुप्पट करत गेलं तर बेरीज ४८ येते आणि चांगलं कार्ड नाकारलं जातं. न्यू जर्सीच्या मुलाची ऑर्डर अडते ती बहुधा याच ओळीवर.

ही बेरीज काय काय पकडते तेही समजून घ्या, म्हणजे तिच्यावर किती भिस्त ठेवायची ते कळेल. एखादा आकडा चुकला तर ती हमखास पकडते. ० ते ९ यांची दुप्पट (९ वजा करून) ०, २, ४, ६, ८, १, ३, ५, ७, ९ अशी येते. दहाही उत्तरं वेगळी आहेत, त्यामुळे कुठलाही आकडा बदलला की बेरीज बदलतेच. शेजारचे दोन आकडे उलटेपालटे झाले तरी पकडते. वरच्या नंबरात सुरुवातीला ३७ ऐवजी ७३ लिहिलं तर ६० चे ६५ होतात. एक जोडी मात्र निसटते: ०९ चं ९० झालं तर तिला कळत नाही, कारण ० आणि ९ दुप्पट होऊनही तेवढेच राहतात. २२ च्या जागी ५५, ३३ च्या जागी ६६ किंवा ४४ च्या जागी ७७ पडले तरी निसटतात. आणि मनाला येतील ते आकडे ठोकले तरी दहातून एकदा बेरीज जुळणारच. सगळी शून्यं टाका, बेरीज ०, तीही जुळते!

म्हणजे लूनची बेरीज जुळली याचा अर्थ ‘टंकण्यात चूक दिसत नाही’ एवढाच. असं कार्ड आहे का, चालू आहे का, त्यात पैसे आहेत का, हे फक्त ते कार्ड देणारी बँक सांगू शकते. फसवणूक करणारे लोक लून जुळणारे हजारो नंबर चुटकीसरशी तयार करतात, त्यांना ही बेरीज अडवत नाही. ती कार्ड हातात धरून, चष्मा लावून टंकणाऱ्या माणसाच्या सोयीसाठी आहे, आणि कोड लिहिताना तोच माणूस डोळ्यांसमोर असावा.

जाता जाता एक: हाच कोड आधार नंबराला लावू नका. आधारचा शेवटचा आकडा व्हेरहोफ नावाच्या वेगळ्या पद्धतीने काढतात, तिथे लून जुळेलच असं नाही.

सुरुवातीचे आकडे आणि लांबी

सुरुवातीच्या आकड्यांवरून कार्डाचं घराणं कळतं. व्हिसा ४ ने सुरू होतं, आज बहुतेक १६ आकडी. मास्टरकार्ड ५१ ते ५५, आणि शिवाय २२२१ ते २७२०, नेहमी १६. अमेक्स ३४ किंवा ३७, नेहमी १५. डायनर्स ३६ ने सुरू होणारं १४ आकडी. जेसीबी ३५२८ ते ३५८९. आणि आपलं रुपे: ६०, ६५, ८१, ८२, ५०८ या सुरुवाती, १६ आकडे. रुपे २०१२ मध्ये आलं. बँक ऑफ बडोदासारख्या बँकांची रुपे कार्डं आज इथे घरोघरी आहेत, पण अमेरिकेत लिहिलेल्या जुन्या कोडमध्ये या घराण्याचं नावच नसतं. रावपुऱ्याच्या आजोबांना अडवतो तो हा कोड.

म्हणून माझा नियम असा, आणि यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे: सुरुवातीचे आकडे ओळखता आले नाहीत म्हणून कार्ड नाकारायचं नाही. ही यादी बदलत राहते. मास्टरकार्डने २ ने सुरू होणारी कार्डं २०१७ च्या सुमारास आणली, तेव्हा ‘मास्टरकार्ड म्हणजे ५’ असं ठोकून बसलेले फॉर्म ती परत पाठवू लागले. ओळख पटली तर त्या घराण्याची लांबी तपासा. पटली नाही तर १२ ते १९ मधली कुठलीही लांबी घ्या, लून तपासा, सगळी शून्यं तेवढी अडवा आणि बाकीचं पुढे जाऊ द्या, नाही म्हणायचं असेल तर गेटवे म्हणेल. ६० आणि ६५ मध्ये रुपे आणि अमेरिकेतलं डिस्कव्हर यांची सरमिसळ आहे, तेव्हा खात्री नसेल तिथे कोपऱ्यात चिन्ह दाखवू नका.

बँक ओळखायचे आकडे पूर्वी ६ होते. ते आता ८ झाले आहेत, व्हिसा आणि मास्टरकार्डने हा बदल एप्रिल २०२२ पासून लागू केला. पहिल्या ६ आकड्यांवरून बँकेची सवलत देणारा कोड कुठे असेल तर तो शोधून बदला.

सूचनांच्या चौकटीत मात्र नियम उलटा, इथे कडक राहायचं. बडोद्याचा पिनकोड ३९० ने सुरू होतो. पत्त्यात पिनकोडला चिकटून मोबाइल नंबर लिहिला की ६ आणि १० मिळून बरोबर १६ आकडे होतात, सुरुवात ३ ने, आणि दहातून एकदा लूनही जुळते. ‘तुम्ही कार्ड नंबर लिहिला आहे’ असं त्या माणसाला सांगितलं तर तो गोंधळेल. म्हणून इथे घराणं आणि लांबी दोन्ही जुळायला हवीत: ३ ने सुरू होणारे १६ आकडे फक्त ३५२८ ते ३५८९ मध्ये असतील तरच कार्ड समजा. ००९१ लावून लिहिलेला फोन नंबर १४ आकडी होतो, पण ० ने सुरू होत असल्यामुळे आपोआप सुटतो. संशय पक्का झाला तर जतन करू नका, आणि लिहा: ‘इथे कार्ड नंबर लिहिल्यासारखा दिसतो. तो काढून टाका. पैसे भरण्याची जागा पुढच्या पानावर आहे.’

माणसाशी बोलायचं कसं

टंकताना मध्येच लाल अक्षरं दाखवू नका. पाचव्या आकड्याला ‘चुकीचा नंबर’ म्हणणारी चौकट म्हणजे वाक्य पुरं व्हायच्या आत टोकणारा माणूस. चौकटीतून बाहेर पडल्यावर तपासा, आणि चूक सुधारायला आत आल्यावर लाल खूण लगेच काढा. लिहिलेला नंबर पुसू नका. एका आकड्यासाठी सोळाच्या सोळा पुन्हा लिहायला लावू नका.

संदेश तीन वेगळे ठेवा. आकडे कमी-जास्त असतील तर किती आले ते सांगा: ‘१५ आकडे झाले आहेत, या कार्डावर १६ असतात.’ लून जुळली नाही तर: ‘एखादा आकडा चुकला असावा. कार्डावरचा नंबर पुन्हा एकदा पाहून घ्या.’ आणि बँकेने नाकारलं तर चूक टंकणाऱ्याची नाही हे त्यात दिसलं पाहिजे. ‘अवैध कार्ड’ हे दोन शब्द मी कुठेच ठेवू देत नाही. ते वाचून आजोबांना वाटतं की आपलं खातंच बंद झालं, आणि ते उठून बँकेत जातात. संदेश पानाच्या भाषेत असावा आणि चौकटीशी जोडलेला असावा, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तो वाचेल.

दाखवताना आकड्यांमध्ये जागा सोडा, म्हणजे डोळ्याला जुळवायला सोपं जातं. अमेक्सला ४-६-५, बाकी बहुतेकांना ४-४-४-४. मात्र मधला आकडा दुरुस्त करताना कर्सर शेवटी उडी मारत असेल तर ही सजावट सरळ काढून टाका.

महिना-वर्षाचं थोडक्यात: कार्डावर छापलेल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत कार्ड चालतं. जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात हे विसरू नका. सर्व्हरवर १ तारीख लागली तरी न्यू जर्सीत अजून ३१ असू शकते, तेव्हा एक दिवस सैल सोडा. सीव्हीव्ही अमेक्सवर पुढच्या बाजूला ४ आकडी, इतरांवर मागे ३ आकडी. तोही स्ट्रिंगच ठेवा, नाहीतर ०१२ चे १२ होतात. पैशांची मंजुरी झाल्यावर तो कुठल्याही रूपात साठवायचा नाही, कूटबद्ध करूनसुद्धा नाही.

सर्व्हर आणि लॉग

ब्राउझरमधली तपासणी सोयीची, सर्व्हरवरची सक्तीची. ब्राउझरला वळसा घालून थेट सर्व्हरला विनंती पाठवणं कुणालाही जमतं. नंबर तुमच्या सर्व्हरवर येतच असेल तर साफसफाई, लांबी, लून सगळं तिथे पुन्हा करा. त्यासोबत मर्यादाही घाला: एका आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरच्या एका जोडणीवरून), एका सत्रातून ठरावीक वेळात इतकेच प्रयत्न. चोरलेली कार्डं चालतात का हे बघायला लोक लहान दुकानांच्या वेबसाइट वापरतात, एकामागून एक नंबर छोट्या रकमेवर लावून पाहतात. इथल्या कार्डांवर ओटीपी विचारला जातो, परदेशी कार्डांवर विचारला जाईलच असं नाही. तेव्हा परदेशी ऑर्डर घेणाऱ्या फरसाणवाल्याला हा धोका जास्त. नकाराचं नेमकं कारण स्क्रीनवर दाखवू नका. ‘सीव्हीव्ही चुकला’ असं सांगणं म्हणजे ‘नंबर बरोबर आहे’ अशी पावती देणं.

नंबर गळतो तो बहुतेक वेळा लॉगमधून. काही बिघडलं की आलेली सगळी विनंती छापून टाकायची, ही प्रोग्रामरची सवय असते. तीच फाइल बॅकअपमध्ये जाते, चुका गोळा करणाऱ्या बाहेरच्या सेवेकडे जाते. कार्डाचे तपशील वेबपत्त्याच्या ओळीतून (यूआरएलमधून) पाठवले तर ते सर्व्हरच्या नोंदवहीत आपोआप लिहिले जातात, म्हणून ते कायम विनंतीच्या पोटातच (बॉडीत) पाठवायचे. गिऱ्हाइकाने पानावर काय केलं याचं रेकॉर्डिंग करणारी साधनं लावली असतील तर त्यांना या चौकटीपासून दूर ठेवा.

हीच लूनची बेरीज इथे उलट्या कामाला येते. जुन्या लॉगमधून १३ ते १९ सलग आकडे शोधा, घराणं आणि लांबी जुळते का बघा, लून लावा. जे उरेल ते हाताने तपासा. मिलिसेकंदांतल्या वेळेच्या नोंदी १३ आकडी असतात आणि त्यातल्या दहातल्या एकीला लून जुळते, पण त्या १ ने सुरू होतात, तेव्हा घराण्याच्या चाळणीत गळून पडतात. सूचनांची चौकट जिथे साठते तो कॉलमही याच चाळणीतून काढा. कुठल्याही जुन्या दुकानाचं काम हाती घेताना मी पहिल्या आठवड्यात हे करते. सापडलेले नंबर लगेच पुसायचे आणि दुकानदाराला स्पष्ट सांगायचं, मग त्यांचा चेहरा पडला तरी चालेल.

चाचणी

स्वतःचं किंवा घरच्यांचं कार्ड चाचणीला वापरू नका. गेटवेच्या माहितीपत्रकात चाचणीचे नंबर असतात: चारनंतर पंधरा वेळा १ हा व्हिसाचा सर्वांत ओळखीचा, ५५५५ ५५५५ ५५५५ ४४४४ हा मास्टरकार्डचा, आणि वर सोडवलेला अमेक्सचा. या तिघांवर कोड चालला की मग तो मोडायचा प्रयत्न करा. एक आकडा बदला, नकार यायला हवा. शेजारचे दोन उलटे करा. सगळी शून्यं द्या, लून जुळली तरी नकार यायला हवा. न तुटणाऱ्या मोकळ्या जागांसह पेस्ट करा. पूर्ण नंबर देवनागरीत द्या, गुजरातीत द्या, अर्धा देवनागरी अर्धा इंग्रजी द्या, आणि तिन्ही वेळा पुढे जाणारी स्ट्रिंग इंग्रजी आकड्यांचीच आहे ना ते बघा. इंग्रजी ओ घालून कोणता संदेश येतो तो वाचा. ३९० च्या पिनकोडला जोडून कुठलाही दहा आकडी नंबर सूचनांच्या चौकटीत लिहा, शेवटचा आकडा ० ते ९ फिरवून, आणि दहाही वेळा ऑर्डर पुढे गेली पाहिजे.

लूनचं फंक्शन वेगळं तपासायचं असेल तर खिशातला फोन पुरे. मोबाइलचा आयएमईआय नंबर १५ आकडी असतो आणि त्याचा शेवटचा आकडा लूननेच काढलेला असतो. फोनवर तारा, हॅश, ०, ६, हॅश दाबा, तो दिसेल. घरातले दोन-तीन फोन घ्या आणि ते नंबर फंक्शनला द्या. सगळे जुळले आणि वरचे १६ आकडी चाचणी नंबरही जुळले तर उजवीकडून मोजणं बरोबर आहे. एखाद्यालाही नकार आला तर लूप कुठल्या टोकाकडून सुरू होतो ते आधी बघा.